दोनदा आणलेला बर्फ

बारा वर्षांपूर्वी माझ्या दाजींनी मला नागपुरात फसवले. अक्काच्या लग्नाचा ग्रुप फोटो निघायच्या ऐन वेळी त्यांनी मला बर्फ आणायला पाठवले. मी डोक्यावर लादी घेऊन घामाने निथळत परत आलो, तेव्हा फोटोवाला कॅमेऱ्याची तिपाई मिटत होता.

त्या फोटोत सगळे आहेत. दाजींच्या शेजाऱ्याचा वेटोळे करून बसलेला कुत्रासुद्धा आहे. वधूचा सख्खा भाऊ मात्र नाही. आमच्या इचलकरंजीच्या घरी तो फोटो भिंतीवर आहे आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आई सांगते, "आमचा बाळूपण होता हं लग्नात. बर्फ आणायला गेला होता." तेव्हापासून नातेवाइकांत माझे नाव 'बर्फवाला' पडले. वयाच्या बाराव्या वर्षी मागावर कांड्या भरणारा मी आज स्वतःच्या दुकानात गादीवर बसून सूत विकतो, चार गावचे व्यापारी माझ्याशी भाव करताना आधी पाणी मागतात. पण भाच्याच्या मुंजीत अजून कुणीतरी म्हणतेच, "बर्फवाले मामा आले का?"

म्हणून यंदा मे महिन्यात मी ठरवले, की नागपूरला जायचे, त्याच माणसांना त्याच जागी बसवायचे, मध्ये आपण बसायचे आणि फोटो काढायचा. फोटोवाला नको. कॅमेरा माझा.

हा कॅमेरा मी मुंबईत बोटीवरच्या एका खलाशाकडून घेतला होता. फोटो काढायचा, कागदाची शेपटी ओढायची, अर्धा मिनिट थांबायचे आणि दोन कागद एकमेकांपासून सोलायचे. एकावर फोटो तयार! खलाशाने त्याबरोबर खास फिल्मचा एक डबा दिला. आठ फोटोंचा. "शेठ, ही फिल्म एकात दोन देते," तो म्हणाला. "फोटो तर मिळतोच, सोललेला दुसरा भाग निगेटिव्ह म्हणून वापरता येतो. तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढा." एका दामात दोन नग मिळतात म्हटल्यावर माझ्यातला व्यापारी विरघळला. घरी आल्यावर हायस्कूलच्या मास्तरांकडून माहितीपत्रक वाचून घेतले, तेव्हा कळले की निगेटिव्ह सोलल्या सोलल्या सोडियम सल्फाइटच्या पाण्यात बुडवावी लागते. नाहीतर तिच्यावरचा चिकट थर तसाच वाळतो आणि ती रद्दी होते. खलाशी हे बोलला नव्हता. मास्तरांनी 'सल्फाइट' हा शब्द चिठ्ठीवर लिहून दिला. ती मी टोपीच्या घडीत ठेवली आणि मिरजेला गाडीत बसलो.

माझा बेत साधा होता. फोटो अक्काला उदार मनाने देऊन टाकायचा आणि "हा कचरा मी टाकतो" म्हणून निगेटिव्ह खिशात घालायची. मग इचलकरंजीत प्रत्येक नातेवाइकाच्या घरी मोठी प्रत. फ्रेमसकट.

दीड दिवसाच्या प्रवासात पहिला फोटो खर्ची पडला. खिडकीजवळच्या गृहस्थांना त्यांचा फोटो काढून दिला आणि त्यांची जागा घेतली. नागपूरला उतरलो तर सकाळी नऊलाच ऊन अंगावर धावून आले. रिक्षावाला भाड्यावरून हटेना. "ऊन पाहून राहिले ना साहेब, पायडल मले माराचं हाय का तुमाले?" असे त्याने विचारले. दुसरा फोटो त्याचा निघाला आणि भाडे निम्म्यावर आले. स्टेशनबाहेर पोह्यांच्या गाडीवर तर्री (पोह्यांवर ओततात तो तिखटजाळ रस्सा) दुसऱ्यांदा फुकट वाढावी म्हणून तिसरा फोटो. तर्री मिळाली. ती मिळायला नको होती, हे मला पुढे बराच वेळ आठवत राहिले.

तिथून सदरला गेलो. नागपूरची मोठी दुकाने इथली, त्यामुळे सल्फाइट मिळेल तर इथेच. फोटोच्या सामानाच्या दोन दुकानांत नुसत्या माना हलल्या. तिसऱ्यात एक टकले गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून बसले होते. त्यांनी चिठ्ठी पाहिली, मग मला पाहिले, मग पुन्हा चिठ्ठी पाहिली.

"कोठून आले?"

"इचलकरंजी."

"हां. बोलाची ढब ऐकल्यासारखी वाटून राहिली." ते उठून कॅमेऱ्याकडे आले. "काढा बरं एक. मले पाहू द्या."

चौथा फोटो त्यांचाच काढला. फोटो सुंदर आला. त्यांनी मात्र फोटोकडे पाहिलेच नाही. सोललेली निगेटिव्ह दिव्यासमोर धरून म्हणाले, "पातळ हाय. हिच्यावरून प्रत काढाल तं भूत दिसन."

"म्हणजे? खलाशी म्हणाला, एकात दोन."

"दोन भेटते, पण दोन्ही बढिया नाही भेटत. हे चकरी पाहा, अंधार-उजेडाची. फोटो चांगला पायजे तं अशीच ठेवा, निगेटिव्ह पातळ येईन. निगेटिव्ह चांगली पायजे तं चकरी उजेडाकडं फिरवा. मंग निगेटिव्ह भरून येते, अन् फोटो होते पांढराफटक. एक बोला."

आयुष्यात मी कधी एक बोललेलो नाही. पण निसर्गाशी भाव करता येत नाही, म्हणून मी सल्फाइटकडे वळलो. त्यांनी काचेची बाटली काढून किंमत सांगितली. मी निम्मी सांगितली.

"भाव एकच हाय भाऊ."

"एक भाव देवळात. तिथेसुद्धा पुजारी बघून दक्षिणा ठरते."

अर्धा तास आम्ही बोललो. मी दोनदा दुकान सोडून गेलो, दोनदा परत आलो. शेवटी ते हसले, आत गेले आणि कागदाची पुडी घेऊन आले. "घ्या. तुमच्या भावातली." मी विजयी मुद्रेने पुडी घेतली. पुडीवर काहीच लिहिलेले नव्हते, हे मी पाहिले होते. पण जिंकलेला माणूस लेबल वाचत नाही.

पाचवा फोटो कोराडीच्या बसच्या कंडक्टरचा. त्याने मला पुढची जागा दिली. पुढची जागा म्हणजे समोरच्या कोळशाच्या ट्रकमागची जागा, हे त्याने सांगितले नाही. दाजी कोराडीच्या वीज केंद्रात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला आहेत आणि तिथल्याच कॉलनीत राहतात. चिमण्यांतून निघालेली राख झाडांवर, छपरांवर, वाळत घातलेल्या धोतरांवर हळूहळू बसत असते. मी क्वार्टरपर्यंत पोहोचलो तेव्हा माझी पांढरी टोपी करडी झाली होती.

दाजी दारातच उभे होते. "या पाहुणे! काहून गा, या खेपेस बर्फ सोबतच नाही आणला?"

मी टोपीवरची राख झटकली. अक्काने पाण्याचा तांब्या पुढे केला. "बस बाळू, मी गोळाभात करून राहिले." बारा वर्षांपूर्वी आमच्याकडच्या बायकांसारखी 'मी करतोय' म्हणणारी माझी बहीण 'करून राहिले' म्हणते, हे ऐकून मला दाजींचा आणखी थोडा राग आला. पण गोळाभात (डाळीचे तिखट गोळे शिजवलेला भात, वरून कडकडीत फोडणी) समोर आला तेव्हा राग जरा बाजूला ठेवला. बरोबर सांबारवडी होती. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी सांबाराची वाटी मागितली, तेव्हा सगळे माझ्यावर हसले.

घरात दाजींचे वडीलही होते. उमरेडला हातमागावर जन्म घालवलेला म्हातारा, पण नजर अजून सुतासारखी बारीक. मुले सुट्टीला उमरेडला गेलेली. मी बेत सांगितला. म्हातारे म्हणाले, "लग्नाचा फोटो पुन्हा? सूनबाई, शालू काढ वं. पाहुण्याची हौस हाय."

दाजींना आधी कॅमेरा हाताळून पाहायचा होता. त्यांनी शेपटी अशी ओढली की सहावा फोटो तिरपा अडकून फाटला. "नाजूक माल हाय," असे म्हणून त्यांनी कॅमेरा मला परत दिला. त्या वेळी आत दोन फोटो उरले होते. पण मी जाहीर केले, "आता एकच राहिला." एक नग कायम गाठीला ठेवावा. परतीच्या गाडीत खिडकी लागतेच.

अक्काच्या भिंतीवरही तोच लग्नाचा फोटो होता; तो काढून मी अंगणात आणला आणि त्याबरहुकूम सगळ्यांना बसवले. दाजी, अक्का, म्हातारे, आणि मधोमध माझी खुर्ची. बटण दाबायला समोरच्या क्वार्टरमधल्या सुमनबाईंना बोलावले. त्यांना जागा दाखवता दाखवता मी ती चकरी हळूच उजेडाकडे फिरवली. हे मी आता लिहून मोकळा होतो. सख्ख्या बहिणीला पांढराफटक फोटो जावा आणि आपल्याला भरलेली निगेटिव्ह मिळावी, असा माझा हिशेब होता.

"हसा की वं सगळे!" सुमनबाई म्हणाल्या. "पाहुणे, तुमी काहून फौजदारासारखे बसले?"

बटण दाबले. शेपटी ओढली. मी सोलले. फोटोत सगळे राखेच्या वादळात बसल्यासारखे दिसत होते. अक्काने तो हातात घेऊन उन्हात धरला, सावलीत धरला.

"मले माझं नाक दिसत नाही रे."

"ऊन फार आहे ना," मी म्हणालो. "तुला ठेव. हा कचरा मी टाकतो."

असे म्हणून मी मोरीत पळालो. तिथे बादलीत सदरची पुडी आधीच विरघळवून ठेवली होती. निगेटिव्ह आत सोडली. मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे चिकट थर सुटून ती काचेसारखी स्वच्छ व्हायला हवी होती. पाच मिनिटे झाली, दहा झाली. ती तशीच काळीमिट्ट, बुळबुळीत.

मागून म्हातारे आले. त्यांनी बादलीत बोट बुडवले आणि पुडीच्या कागदाला चिकटलेले चार खडे जिभेवर ठेवले.

"हे मीठ हाय गा. रंगाचं मीठ. आमी सूत रंगवाले कढईत टाकत होतो. सल्फेट." मग माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. "सुताचे व्यापारी ना तुमी?"

"मी कोऱ्या सुताचा व्यापारी आहे!" मी ओरडलो. "आणि मी सल्फाइट मागितलं होतं! त्या टकल्याला मी आत्ताच्या आत्ता जाऊन…"

"टकला? सदरचा?" अक्का आली. "चष्मा कपाळावर?"

दाजींनी अंगणातून लग्नाचा फोटो आणून उलटा केला. पाठीमागे पुठ्ठ्यावर जांभळा शिक्का होता. सदरचे तेच दुकान.

 मग म्हातारेच बोलले.

"आता सांगूनच टाकतो. लग्नात तुमी त्या फोटोवाल्यासंग भाव करून राहिले होते. अक्षता पडल्या तरी भाव सुरूच. त्यानं हात जोडले. म्हणे, हा पोट्टा समोरून हटला तरच मी बटन दाबतो, नाही तं घरी जातो. मंग यानं तुमाले बर्फ आणाले धाडलं."

मी दाजींकडे पाहिले. ते बादलीकडे पाहत होते.

"मग बारा वर्षं बोलला का नाहीत?"

"साळ्याले कसं सांगू, का तुम्ही गेले म्हणून फोटो निघाला?" दाजी म्हणाले. "बर्फ बरा. बर्फानं कोणाची इज्जत जात नाही."

यावर मला फार झणझणीत उत्तर सुचले होते. पण निगेटिव्ह बादलीत होती. मी फक्त म्हणालो, "ही गेली."

"गेली नाही." दाजी उकिडवे बसले. पाण्याच्या प्रयोगशाळेतला माणूस बादलीपुढे बसला की वेगळाच दिसतो. "साध्या पाण्यात असती तं या गरमीत थर गळून गेला असता. मिठाच्या पाण्यात फुगला नाही. उन्हाळ्यात फोटोवाले मुद्दाम हे मीठ वापरतात. त्यानं तुमाले फसवलंबी अन् वाचवलंबी. सल्फाइट आमच्या लॅबमधी हाय. साहेबाले विचारून मूठभर आणतो. पण धुवाचं पाणी थंड पायजे. टाकीचं पाणी चहासारखं गरम हाय." ते थांबले. त्यांच्या मिशीचे एक टोक हलले. "बर्फ लागन."

कुणीच हसले नाही. सुमनबाई पदर तोंडात धरून घरात पळाल्या.

"माझा पाय दुखते," म्हातारे म्हणाले. "अन् हा तं लॅबमधी जाते."

"जा ना बाळू," अक्का म्हणाली. "टोपी नको, ऊन लागन. दुपट्टा बांध." तिने माझी टोपी काढून घेतली, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला आणि खिशात कांदा कोंबला. नागपुरात उन्हात निघताना असा कांदा खिशात ठेवतात. असा मी निघालो. दुसऱ्यांदा.

नाक्यावर उसाच्या रसाच्या गाडीवर भुशात पुरलेली लादी होती. रसवाल्याने भाव सांगितला. तो अन्याय होता. मी तोंड उघडले, तेवढ्यात लादीवरून एक थेंब खाली पडला, मग दुसरा. जो माल भाव करता करता कमी होतो, त्याच्यापुढे माणूस काय करणार? आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलेला भाव दिला. गोणपाटात गुंडाळलेली लादी खांद्यावर घेतली आणि कोळशाच्या ट्रकांच्या कडेकडेने धावत सुटलो. पाठीवरून गार पाणी, तोंडावर राख. एका ट्रक ड्रायव्हरने हॉर्न वाजवून विचारले, "शादी है क्या?"

घरी आलो तेव्हा सगळे अंगणात अगदी शहाण्यासारखे बसले होते. इतके शहाणे की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण दाजी आले होते, पुडी आली होती आणि माझे डोळे बादलीवर होते. आम्ही दोघांनी मोरीत बसून बर्फ फोडला. दाजींनी नवे पाणी केले आणि निगेटिव्ह कडेला धरून अलगद आत सोडली. काळा थर धुरासारखा सुटू लागला. आधी म्हाताऱ्यांचे पागोटे दिसले, पांढऱ्याचे काळे होऊन. मग अक्काच्या शालूची किनार. मग मधोमध एक काळी टोपी आणि तिच्याखाली मी.

"आले पाहुणे," दाजी हळूच म्हणाले.

मी दुपट्ट्याने नाक पुसले. सकाळची तर्री असावी.

निगेटिव्ह गार पाण्यात धुतली आणि कपड्यांच्या दोरीला चिमट्याने लावली. ती वाळेपर्यंत मी खाली पहारा दिला. राखेला मात्र अडवता आले नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना टोपी घ्यायला खोलीत गेलो. लग्नाचा फोटो पुन्हा खिळ्यावर होता आणि त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यात एक नवा छोटा फोटो खोचला होता. स्वच्छ, ठसठशीत. अक्काचे नाक, नथ, सगळे दिसत होते. दाजी हसत होते, म्हातारे हसत होते. मी नव्हतो.

कॅमेरा पाहिला. आठवा फोटो गेला होता आणि चकरी कुणीतरी होती तशी जागेवर आणली होती. मोरीच्या कोपऱ्यात सोललेला दुसरा भाग सुकून पापडासारखा पडला होता. म्हणजे या फोटोची दुसरी प्रत निघणे नाही. तो कोराडीतच राहणार.

मग मी नीट पाहिले. मधोमध माझी खुर्ची होती. रिकामी. आणि तिच्यावर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, पाठीच्या टोकावर चढवलेली माझी टोपी.

"हे कुणी केलं?" मी एवढ्या मोठ्याने विचारले की समोरच्या सुमनबाईंनी दार लावून घेतले.

अक्काने दाजींकडे बोट दाखवले. दाजींनी वडिलांकडे. म्हाताऱ्यांनी अक्काकडे. "जागा धरून ठेवली तुझी," अक्का म्हणाली. "आणि चकरी कोणी फिरवली रे काल? आधी ते सांग."

मी गाडी चुकेल म्हणालो आणि निघालो. परतीच्या गाडीत खिडकी मिळाली नाही.

इचलकरंजीला स्टुडिओत त्या निगेटिव्हवरून मोठी प्रत काढली. खलाशी खोटे बोलला नव्हता, अर्धेच बोलला होता. अक्काच्या फोटोत जे पांढऱ्यात बुडाले होते ते सगळे हिच्यात वर आले. पागोट्याचे पेच, शालूची किनार, माझ्या कपाळावरची आठी. मात्र दोरीवर वाळताना निगेटिव्हवर जी राख बसली, तिचे प्रतीत पांढरे ठिपके झाले होते. सगळ्यांच्या अंगावर, माझ्या टोपीवर, खांद्यावर. स्टुडिओवाला म्हणाला, ब्रशने भरून देतो. मी नको म्हणालो आणि प्रत तशीच आईपुढे नेली.

आईने चष्मा लावला. बराच वेळ पाहिले. मग बोट ठिपक्यांवरून फिरवत म्हणाली, "बाळू, या वेळेला बर्फ घेऊनच बसलास होय रे फोटोला?"

ती प्रत आता लग्नाच्या फोटोशेजारी आहे. एक मी फ्रेम करून अक्काला पाठवली आणि सोबतच्या पत्रात चकरी मी फिरवली होती हेही लिहून टाकले. माझ्या बाजूने हिशेब पुरा झाला. सदरच्या टकल्याला मी माफ केले आहे. पुढच्या वेळी सांगेल तो भाव देईन, निदान पहिल्यांदा निम्मा सांगणार नाही. बारा वर्षांपूर्वीच्या बर्फाबद्दलही माझी तक्रार उरलेली नाही.

पण जगात माणसाला टोपी घालतात. मी न बसलेल्या खुर्चीला टोपी घातली गेली, ती माझी होती, आणि त्या फोटोची दुसरी प्रत निघत नाही. तीन माणसे तीन बोटे दाखवून मोकळी होतात, हे चालायचे नाही. दाजी, अक्का, दाजींचे वडील, तिघांपैकी ज्याचा तो हात असेल त्याने सहीनिशी लिहून कळवावे. तोवर मी नागपूरला येईन, जेवेन, कोथिंबिरीला सांबार म्हणेन. पण बर्फ आणायला जाणार नाही.